आधी दहा राउंड मारून या!

बास्केटबॉलच्या कोर्टवर नव्याने आलेल्या पोराच्या कानावर बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य पडतं ते हेच: "आधी दहा राउंड मारून या." उशीर झाला तर राउंड, पास चुकला तर राउंड, फ्री थ्रो हुकला तर राउंड, मॅच हरलो तर मोजताच येणार नाहीत इतके राउंड. चेंडू कपाटात, आणि पोरं मैदानाच्या कडेने गोल गोल. यालाच आपण 'फिटनेस' म्हणत आलो आहोत.

गंमत अशी, की बास्केटबॉल हा खेळ अशाच कंटाळवाण्या व्यायामावर उतारा म्हणून शोधला गेला होता. बहुतेक खेळ कधी आणि कुठे सुरू झाले हे नेमकं सांगता येत नाही. बास्केटबॉलची मात्र तारीख, गाव, शिक्षक, विद्यार्थ्यांची संख्या, सगळं माहीत आहे. आणि शोधामागचं कारणही: पोरांना व्यायामाचा आलेला वीट.

मला या इतिहासात रस आहे तो एका प्रश्नापायी. खेळाडूचा दम नेमका कुठे तयार होतो? मैदानाच्या कडेने एकट्याने पळताना, की मैदानात संघाबरोबर खेळताना? हा प्रश्न फक्त शरीरशास्त्राचा वाटतो, पण गेल्या सव्वाशे वर्षांत त्याच्या उत्तराशी बरंच काही जोडलं गेलं. कुणी पळायचं, कुणी पळू नये, कुणाला सरावात घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हेसुद्धा.

कंटाळ्यातून जन्मलेला खेळ

१८९१चा डिसेंबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत अठरा तरुणांचा एक वर्ग होता. उन्हाळ्यात बेसबॉल, शरद ऋतूत फुटबॉल खेळणारे हे गडी. बर्फ पडायला लागलं की त्यांना बंदिस्त व्यायामशाळेत यावं लागे आणि तिथे वाट्याला येई ती कवायत. हात वर, हात खाली, एक-दोन-तीन-चार. पोरं वैतागली होती. आधीच्या दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते.

विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग जेम्स नायस्मिथ नावाच्या तिशीतल्या कॅनेडियन शिक्षकाच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत नवा खेळ शोधायला सांगितलं. नायस्मिथने आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले, पण लाकडी फरशीवर धसमुसळेपणा परवडेना. मग त्याने उलटा विचार केला. फुटबॉलमध्ये माणसाला आडवं पाडतात, कारण तो चेंडू घेऊन पळतो. चेंडू घेऊन पळायलाच बंदी घातली तर? आणि गोल डोक्याच्या वर, आडवा ठेवला तर? मग जोराने फेकण्यात अर्थ उरणार नाही, नेम साधावा लागेल. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या गेल्या. तेरा नियम टाईप करून भिंतीवर लागले. २१ डिसेंबरला नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला. निकाल १-०.

त्या तेरा नियमांतला एक मला फार आवडतो: पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. बास्केटबॉलच्या फिटनेसबद्दल पहिल्यांदा लिहिलं गेलं ते एवढंच. नायस्मिथच्या दृष्टीने खेळ हाच व्यायाम होता. त्यासाठी वेगळी तयारी करायची कल्पना त्याच्या मनातही नसावी.

सुरुवातीचा खेळ आजच्या मानाने संथ होता. प्रत्येक बास्केटनंतर खेळ थांबे, चेंडू मधल्या वर्तुळात परत येई आणि पुन्हा जंप बॉल होई. दर गोलनंतर श्वास घ्यायला सवड. ही प्रथा पुरुषांच्या खेळात १९३७पर्यंत टिकली. ती गेली आणि खेळाचं रूप पालटलं. बास्केट झाली की समोरचा संघ चेंडू उचलून लगेच पलीकडे धावणार. तुम्ही आनंद साजरा करत उभे राहिलात तर गेलात. उंच माणूस मध्ये उभा करून जंप बॉल जिंकत राहायचं, हा सोपा मार्ग बंद झाला. खेळ पायांकडे आला. पुढे १९५४मध्ये एनबीएने चोवीस सेकंदांचं घड्याळ लावलं आणि चेंडू दाबून ठेवायची सोयही संपवली. दम हा शब्द आता प्रशिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आला.

तीन पट्ट्यांत कोंडलेल्या मुली

पण धावायची मुभा सगळ्यांना नव्हती.

स्प्रिंगफील्डपासून जवळच नॉर्थॅम्प्टन गावात स्मिथ कॉलेज हे मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी नायस्मिथचा खेळ वाचला आणि १८९२मध्येच आपल्या मुलींना शिकवला. मार्च १८९३मध्ये दोन वर्गांत सामना झाला तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता.

त्या काळी फार श्रम बाईच्या प्रकृतीला झेपत नाहीत, असं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगत. बेरेन्सन यांनी त्यातून वाट काढली. मैदानाचे तीन पट्टे केले. प्रत्येकीने आपापल्या पट्ट्यातच राहायचं, रेषा ओलांडायची नाही. चेंडू तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा टप्पा मारायचा नाही. या नियमांमुळे मुलींना खेळायला मिळालं, हे खरं. आणि त्याच नियमांमुळे मुलींनी मैदानभर धावायचं नसतं, हा समज पक्का झाला, हेही खरं.

पुढे तीन पट्ट्यांचे दोन अर्धे झाले. सहा जणींचा संघ: तिघी फक्त आक्रमण करणार, तिघी फक्त बचाव. मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. अमेरिकेत मुलींच्या कॉलेजातल्या खेळात पूर्ण मैदान आणि पाच खेळाडू यायला १९७१ उजाडलं. आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा खेळ १९९३पर्यंत चालला.

आता यातली मेख पाहा. अर्ध्या मैदानावर खेळणाऱ्या मुलीचा दम अर्ध्या मैदानापुरताच तयार होणार. मग तिला पूर्ण मैदानावर उभं केलं की ती धापा टाकणार. आणि ते पाहून लोक म्हणणार, "बघा, सांगत नव्हतो?" नियमाने घडवलेली गोष्ट निसर्गाच्या नावावर खपवली गेली, ती जवळजवळ ऐंशी वर्षं.

पॅट समिट ही टेनेसीतली मुलगी शाळेत याच अर्ध्या मैदानावर वाढली. १९७६मध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा ती अमेरिकेच्या रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. तोवर ती टेनेसी विद्यापीठाची प्रशिक्षकही झालेली होती. आपल्याच राज्यातल्या शाळांतून येणाऱ्या मुलींना पूर्ण मैदानाचा खेळ माहीत नसतो, हे तिला खटकत होतं. टेनेसीने नियम बदलावा म्हणून तिने आवाज उठवला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो बदललाही. सरावासाठी ती विद्यापीठातल्या पुरुष विद्यार्थ्यांना बोलावून आपल्या मुलींसमोर उभं करी. जास्त उंच, जास्त वेगवान माणसाशी रोज दोन हात केले की आपला वेग आपोआप वाढतो, हा त्यामागचा साधा हिशेब. तिच्या संघांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

कुलूप लावून खेळलेला सामना

नायस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवत होता. १९३३मध्ये तिथे जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकायला आला. त्याला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचं होतं. पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. ज्याने खेळ शोधला तो माणूस त्याचा मार्गदर्शक, आणि त्या खेळाच्या संघाचं दार मात्र त्याला बंद. मॅक्लेंडन वर्गात शिकला, नायस्मिथच्या पाठोपाठ फिरून शिकला आणि १९३६मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला.

१९४०मध्ये तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात, कृष्णवर्णीयांसाठीच्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झाला. तिथे त्याने आपला खेळ उभा केला: फास्ट ब्रेक. चेंडू हातात आला की तिघांनी तीन ठरलेल्या वाटांनी सुसाट पुढे जायचं. चेंडू गेला की मैदानभर दबाव टाकायचा. बघणाऱ्याला हा गोंधळ वाटे, पण त्यात प्रत्येक पाऊल घोटवलेलं असे. हे चाळीस मिनिटं करायचं तर समोरच्यापेक्षा जास्त दम हवा, म्हणून तंदुरुस्ती हा त्याच्या पद्धतीचा पायाच होता. पहिल्या डावात बरोबरी चालेल. दुसऱ्या डावात समोरच्याचे पाय जड झाले पाहिजेत.

डरहॅममध्येच ड्यूक विद्यापीठ होतं, फक्त गोऱ्यांचं. तिथल्या वैद्यकीय शाखेचा संघ तगडा होता. इतर कॉलेजांत नाव कमावलेले खेळाडू युद्धकाळात डॉक्टर व्हायला तिथे आले होते. शहरातला सर्वांत चांगला संघ कोणता, ही कुजबुज दोन्हीकडे चालू होती. पण त्या राज्यात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळणं वर्णभेदी कायद्यांच्या आणि रूढीच्या विरुद्ध होतं. जिवावर बेतू शकेल इतकं विरुद्ध.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. शहर चर्चमध्ये होतं. ड्यूकचे खेळाडू चेहरे झाकून मॅक्लेंडनच्या कॉलेजात शिरले. व्यायामशाळेला आतून कुलूप लावलं. पंच होता, घड्याळ होतं, प्रेक्षक नव्हते. कुणकुण लागलेले काही विद्यार्थी तेवढे खिडक्यांतून डोकावत होते. सुरुवातीला दोन्हीकडचे खेळाडू इतके बावरलेले, की सोपे पासही हातातून सुटत होते. मग मॅक्लेंडनची पोरं धावायला लागली. सामना संपला तेव्हा गुणफलक होता ८८-४४.

त्यानंतर जे झालं ते मला त्या निकालापेक्षा मोठं वाटतं. दोन्ही संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली, मिसळून दोन नवे संघ केले आणि आणखी एक सामना खेळले. संपूर्ण अमेरिकेत ज्या गोष्टीला दशकं लागणार होती, ती त्या बंद दारामागे तासाभरात झाली. बाहेर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. कितीतरी वर्षं हा सामना गुपितच राहिला.

मॅक्लेंडनने पुढे टेनेसी ए अँड आय या कॉलेजाला १९५७, ५८ आणि ५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

पळणं जेव्हा शिक्षा होतं

दमाचं महत्त्व सगळ्यांनाच कळलं होतं. तो कसा आणायचा, यावर मात्र दोन वाटा फुटल्या. एक वाट म्हणजे माणसाला मोडेपर्यंत ताणायचं. जो उरेल तो फिट.

या विचाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकन फुटबॉलमधलं आहे. १९५४मध्ये टेक्सास ए अँड एमचे नवे प्रशिक्षक बेअर ब्रायंट आपला संघ जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेले. दुष्काळ, रणरणतं ऊन, दगडगोट्यांचं मैदान, आणि सरावात पाणी प्यायला बंदी. शंभराच्या आसपास मुलं गेली होती. दहा दिवसांनी तीस-पस्तीस उरली. एकाला उष्माघात होऊन तो मरता मरता वाचला. त्या मोसमात संघ दहांपैकी नऊ सामने हरला.

तरी ही कथा आजही 'कणखरपणा'ची कथा म्हणून सांगितली जाते, कारण दोन वर्षांनी त्याच कॉलेजाने आपल्या गटाचं विजेतेपद जिंकलं. सोडून गेलेल्या साठ-सत्तर मुलांची कथा कुणी सांगत नाही. त्यांच्यात कोण चांगला खेळाडू झाला असता, हे कळायला मार्ग नाही. माणसं गाळून उरलेल्यांना फिट म्हणणं आणि माणसांना फिट करणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळेच्या संघात मी हे छोट्या प्रमाणावर पाहिलं आहे. आमच्याकडे चुकेल त्याला राउंड असत. साहजिकच सगळ्यांत जास्त राउंड नवख्यांच्या वाट्याला येत. ज्याला चेंडूची सर्वांत जास्त गरज, तोच चेंडूपासून सर्वांत लांब. मोसम संपेपर्यंत त्यांच्यातले बरेचसे गळून जात, आणि पुढच्या वर्षी सर म्हणत, "हल्लीच्या पोरांत दमच नाही."

पोस्टकार्डापेक्षा लहान कागदावरचा सराव

दुसरी वाट दाखवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव जॉन वुडन यांचं. इंडियाना राज्यात वाढलेले, पर्ड्यू विद्यापीठात वेगवान खेळाचे पुरस्कर्ते पिगी लँबर्ट यांच्या हाताखाली तयार झालेले. १९४८मध्ये ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले. तिथली व्यायामशाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची जुनाट, कोंदट जागा. कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाले त्याच वेळी शेजारी सराव करत. सरावाआधी वुडन स्वतः फरशी पुसत.

वुडन खेळाडूंना राउंड मारायला लावत नसत. पण त्यांच्या सरावात कुणाला उभं राहायलाही फुरसत नसे. रोजच्या दोन तासांचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते लहानशा कार्डांवर लिहीत: इतक्या वाजेपासून इतक्या वाजेपर्यंत हे, मग लगेच ते. आखणीलाही जवळजवळ सरावाइतकाच वेळ देत. एका ड्रिलमधून दुसऱ्यात धावतच जायचं. दमल्यावर फ्री थ्रो मारायचे, कारण सामन्यातही फ्री थ्रो दमल्यावरच मारावा लागतो. दमसास वाढवायचं काम पासिंग, बचाव, फास्ट ब्रेक यांच्या पोटातच शिवलेलं असे. खेळाडूला कळायचंही नाही, की आपण 'फिटनेस' करतोय.

असा एक ड्रिल आपल्याकडेही सर्रास चालतो: तीन विरुद्ध दोन. तिघं आक्रमण करत येतात, दोघं अडवतात. शॉट झाला की रिबाउंड घेणारा बाजूला उभ्या असलेल्या दोघांना घेऊन उलट दिशेला सुटतो. तिथे दुसरे दोघं वाट पाहत असतात. चक्र थांबतच नाही. पण त्यात एक सोय दडलेली असते. तुमची पाळी वीस-पंचवीस सेकंदांची, मग पुढची पाळी येईपर्यंत श्वास घ्यायला तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ. जोराची धाव, छोटी विश्रांती, पुन्हा जोराची धाव. धावपटू घड्याळ लावून ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात, ते इथे संघातल्या रांगेनेच घडतं. रांग फार लांब असली तर पोरं थंड पडतात, फार छोटी असली तर कोसळतात. चांगला प्रशिक्षक रांगेकडे बघून सराव आखतो.

वुडन यांच्या पद्धतीचं फळ १९६४मध्ये दिसलं. त्यांच्या सुरुवातीच्या पाच खेळाडूंत एकही साडेसहा फुटांचा नव्हता. सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहावरून त्यांनी पूर्ण मैदानावर प्रेस लावायला सुरुवात केली होती: समोरच्या संघाला चेंडू आत टाकल्यापासूनच घेरायचं. चेंडू हिसकावणं हा त्यातला वरकड लाभ. खरा हेतू समोरच्याला आपल्या वेगाने खेळायला लावायचं, हा. अंतिम सामना ड्यूकशी. वीस वर्षांपूर्वी कुलूपबंद सामन्यात ज्या विद्यापीठाच्या डॉक्टरांची दमछाक झाली होती, तेच ड्यूक. त्यांच्याकडे सहा फूट दहा इंचांचे दोन खेळाडू होते. पहिल्या डावात यूसीएलएने अडीचेक मिनिटांत सलग सोळा गुण केले आणि सामना फिरवला. निकाल ९८-८३. मोसमातले तीसच्या तीस सामने जिंकलेला संघ. पुढच्या बारा वर्षांच्या हिशेबात वुडन यांची दहा विजेतेपदं झाली.

१९७४-७५च्या मोसमात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या पंधरा सरावांना जाऊन बसले. वुडन काय काय बोलतात, याची त्यांनी अक्षरशः मोजदाद केली. एकूण २,३२६ नोंदी. त्यांतल्या सुमारे पाऊण नोंदी निव्वळ माहितीच्या: काय करायचं, कसं करायचं, पाय कुठे ठेवायचा. शाबासकी सुमारे सात टक्के, नापसंतीही जवळपास तेवढीच. भाषणं नाहीत, बोलणं काही सेकंदांत संपायचं, की पुन्हा खेळ सुरू.

बाकावरचा माणूस

वुडन यांच्याबद्दल एक कडवट गोष्टही सांगायला हवी. सामन्यात ते सात-आठ जणांवरच भिस्त ठेवत. बाकीचे रोज सरावात घाम गाळत आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसत.

त्यांच्यातला एक स्वेन नेटर. सहा फूट अकरा इंच उंच. पण त्याच्याच जागेवर खेळायचा बिल वॉल्टन, त्या काळातला कॉलेज-बास्केटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. कॉलेजच्या एकाही सामन्यात नेटरला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली नाही. त्याचं काम रोज सरावात वॉल्टनशी झुंजायचं, त्याला ढकलायचं, त्याला सोपी बास्केट मिळू द्यायची नाही. दोन मोसम त्याने हेच केलं. १९७३मध्ये एनबीएच्या निवडीत त्याचं नाव पहिल्याच फेरीत आलं. पुढच्या मोसमात तो दुसऱ्या व्यावसायिक लीगचा, एबीएचा, सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९७९-८०मध्ये एनबीएत सर्वाधिक सरासरी रिबाउंड त्याच्या नावावर होते. पुढे त्याने गॅलिमोर यांच्याबरोबर वुडन यांच्या शिकवण्यावर पुस्तकही लिहिलं.

वॉल्टनचा दम नेटरने घडवला आणि नेटरचा वॉल्टनने. समिटच्या मुलींचा दम त्या अनामिक पुरुष विद्यार्थ्यांनी. म्हणून सरावात कोणाला घेतलं जातं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. राउंड एकट्याने मारता येतात. बास्केटबॉलचा दम मात्र दुसऱ्या माणसाकडून मिळतो, समोर उभं राहून वाट अडवणाऱ्याकडून.

आकडे काय म्हणतात

हे सगळं जुन्या प्रशिक्षकांच्या अनुभवावर चाललं होतं. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या राष्ट्रीय लीगमधल्या आठ खेळाडूंचं सामन्यातलं चित्रण तपासलं. एका सामन्यात एका खेळाडूची हालचाल सरासरी हजारेक वेळा बदलत होती: चालणं, पळणं, उडी, बाजूला सरकणं, थांबणं. म्हणजे दर दोन सेकंदांनी काहीतरी नवं. जोराची धाव साधारण एकवीस सेकंदांतून एकदा, तीही दोन सेकंदांपेक्षा कमी. खेळ चालू असताना हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १६९.

आता मैदानाच्या कडेने एकाच लयीत मारलेले दहा राउंड आठवा. त्यात दिशा बदलत नाही, उडी नाही, अचानक थांबणं नाही, समोर माणूस नाही. ते निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. दोन धावांमधल्या काही सेकंदांत श्वास सावरायला संथ, लांब धावण्याने आलेली क्षमता कामी येते. पायांच्या, कमरेच्या ताकदीसाठी वेगळा व्यायाम लागतो. दुखापतीतून उठलेल्याला तर सगळंच वेगळं आखावं लागतं. पण बास्केटबॉलचा दम हा थांबून पुन्हा सुटण्याचा दम आहे, आणि तो थांबून पुन्हा सुटण्यानेच येतो. पुढच्या अभ्यासांत आणखी एक उपयोगी गोष्ट दिसली: पूर्ण मैदानावर पाच विरुद्ध पाचऐवजी तीन विरुद्ध तीन किंवा दोन विरुद्ध दोन खेळलं, की शरीरावरचा भार वाढतो. माणसं कमी, लपायला जागा नाही. म्हणजे सराव जड करायचा तर चेंडू काढून घ्यायची गरज नाही. माणसं कमी केली की पुरे.

आपल्याकडे

बास्केटबॉल भारतात आला तोही वायएमसीएच्याच हाताने. १९२०मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत या खेळाने सर्वांत खोल मूळ धरलं ते नागपाड्यात. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. १९२७मध्ये तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र उघडलं. पुढे बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने वस्तीतल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. आज तिथलं मैदान त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जिममध्ये जायला पैसे लागतात, आणि धावायला मोकळा रस्ता दाट वस्तीत सापडत नाही. एक कोर्ट, एक चेंडू आणि खेळायला टपलेली पोरं एवढी सामग्री मात्र अशा वस्तीतही जमते. संघाच्या सरावातून दम वाढवण्याची पद्धत गरिबाला परवडते, हा तिचा फार मोठा गुण आहे.

आज आपल्या हातात मोबाइल आहे, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आहे, आणि 'तीस दिवसांत स्टॅमिना' शिकवणारे व्हिडिओ आहेत. बहुतेकांत एकच माणूस असतो, कानात इअरफोन घालून घाम गाळणारा. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण संघात खेळणाऱ्यांनी उद्या कोर्टवर गेल्यावर एक करून पाहावं. पहिली पंधरा मिनिटं राउंडऐवजी तीन विरुद्ध दोन लावा. मध्ये पाणी प्या. धाप लागलेली असतानाच प्रत्येकाला दोन फ्री थ्रो मारू द्या. आणि बाराव्या नंबरचं जे पोर नेहमी कडेला उभं असतं, त्याला तुमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूसमोर बचावाला उभं करा. पहिल्या आठवड्यात ते मागे पडेल. दोन महिन्यांनी तुमचा सर्वांत चांगला खेळाडू त्याच्याबद्दल तक्रार करायला लागला, की सराव बरोबर चाललाय असं समजा.